राष्ट्रपती सुट्टीवरून परत आले

"मॅम, त्यांचा व्हिसा कोणी कॅन्सल केला?"

दुसरीच्या वर्गातून हा प्रश्न आला आणि माझ्या हातातला कपडे वाळत घालायचा चिमटा हातातच राहिला. मी दोरीवर शेवटचं कार्ड लावत होते. कार्डावर चित्र होतं. पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ आगगाडीच्या दारात उभे आहेत. खाली एक ओळ, 'राष्ट्रपतींनी दिल्ली सोडली आणि ते आपल्या घरी गेले.'

"अरे, त्यांना कसला व्हिसा? त्यांचाच देश तो," मी म्हणाले. "त्यांची टर्म संपली. टर्म म्हणजे कामाची मुदत."

"म्हणजे कॉन्ट्रॅक्ट," दुसऱ्या बाकावरून आवाज आला.

"कॉन्ट्रॅक्ट खलास, मग सीपीआर खलास," तिसऱ्याने निकाल दिला. सीपीआर म्हणजे इथलं ओळखपत्र. ते गेलं की माणूस गेला.

सव्वीस पोरं एकदम गंभीर झाली. हेच कार्ड मी कोल्हापुरात लावलं असतं तर पोरांनी 'बाई, आता डबा खायचा?' एवढंच विचारलं असतं. पण बहरीनमधल्या पोरांना घर सोडणं हे पाढ्यांच्या आधी पाठ होतं. शेजारचा फ्लॅट कधी रिकामा होतो, जिन्यात सोफा का उभा करून ठेवतात, कुणाची सायकल कुणाला मिळते, सगळं त्यांनी पाहिलेलं असतं.

मी इथल्या एका इंडियन शाळेत प्राथमिकला शिकवते. आवाज दणदणीत आहे. जिदहफ्सला हजेरी घेतली तर चार-पाच किलोमीटरवरच्या मनामातली पोरं 'प्रेझेंट मॅम' म्हणतात. वर्गात सगळं इंग्रजीतूनच चालतं, माझ्या मराठी पोरांचंसुद्धा. मराठीत विचारा, इंग्रजीत उत्तर देतील. इथे मी बरंचसं मराठी करून सांगते आहे, आणि थोडंसं वाढवून. सवय आहे.

त्या महिन्यात आमचा पाठ होता एका जुन्या राष्ट्रपतींचं आयुष्य आणि त्यांचे प्रवास. त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांच्या नावावर मी जे काही खपवलं आहे, ते त्यांच्या नातवंडांच्या कानावर गेलं तर पंचाईत होईल.

सात वर्षांच्या मुलांना आयुष्य शिकवायचं तर ते डोळ्यांना दिसावं लागतं. म्हणून आम्ही टाइमलाइन करतो. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधायची आणि तिच्यावर चिमट्यांनी कार्डं लावत जायची. जन्माचं पहिलं, मग शाळा, वकिली, तुरुंग, राष्ट्रपती भवन, दौरे. दोरीच्या एका टोकाला माणूस लहान, दुसऱ्या टोकाला म्हातारा. प्रवासासाठी मी मनामाच्या सूकमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, एक जुनाट तपकिरी बॅग आणली होती. तिच्यातून एकेक वस्तू काढायची आणि एकेक गाव सांगायचं.

बॅग टेबलावर ठेवल्याबरोबर पहिला प्रश्न आला, "मॅम, किती किलो?"

दुसरा, "केबिन की चेक-इन?"

मी म्हणाले, राष्ट्रपतींना रेल्वेचा एक अख्खा डबा मिळायचा, वजनाची अट नाही. वर्गाने 'ओऽऽ' केलं. एवढा आदर त्यांना आयुष्यभराच्या देशसेवेबद्दल मिळाला नसेल.

मग मी सुटले. डबा इतका मोठा की सकाळी इंजिनाकडच्या दारातून फिरायला निघालेले राष्ट्रपती दुसऱ्या दाराशी संध्याकाळी पोचायचे. एका स्टेशनवर हत्ती हार घालायला आला आणि हारच खाऊन गेला. पोरं खूश. आमच्या सुपरवायझर, सूझन मॅडम, दाराबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या, ते मला नंतर कळलं.

"टीचर, हत्ती पुस्तकात कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, पुस्तकात जागा कमी पडली असेल."

"फॅक्ट्स, टीचर. मुलं घरी जाऊन सांगतात. लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात."

केरळच्या बाई. कमी बोलतात आणि बोललेलं विसरत नाहीत. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी हत्तीला पिल्लू झालं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. व्हिसाच्या प्रश्नाच्या आदल्या दिवशी मात्र शाळा सुटताना ईराचे आई-बाबा मला भेटायला आले.

ईरा माझ्या वर्गातली. चिपळूणकडचं कुटुंब, पण पोरगी जन्मली इथेच. बारीक अंगाची, सगळं टिपून घेणारी. तिचे बाबा एसी मेंटेनन्सच्या कंपनीत सुपरवायझर. गेटजवळच्या बाकावर दोघं बसले होते. बाबांच्या हातात टीसीचा फॉर्म होता. टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. वर्षाच्या मध्ये, नोव्हेंबरात, हा कागद कुणाच्या हातात दिसला की आम्ही शिक्षक कारण विचारत नाही.

तरी त्यांनी सांगितलं. "कंपनीचं मोठं काम गेलं, मॅडम. आमच्या टीमला काम मफी, काहीच नाही. सगळे बाहेर. शनिवारचं विमान आहे."

"येत्या शनिवारचं?"

"हो."

तो रविवार होता. इथे आठवडा रविवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. म्हणजे ईराचे शाळेचे दिवस चारच उरले होते.

"ईराला सांगितलंत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आई म्हणाली, "सुट्टीला चाललोय असं सांगितलंय. आजीला बघायला."

"नोव्हेंबरात?"

"तेच मी म्हणत होते यांना," आई म्हणाली. "मला नाही पटत हे."

"ऐका ना मॅडम," बाबा घाईने म्हणाले. "ती रडायला लागली की थांबत नाही. विमानतळावर रडेल, विमानात रडेल. मीच कसाबसा उभा आहे हो. गावी पोचलो की आजीच्या मांडीवर बसवून सांगू हळूच. तोपर्यंत तुम्ही तेवढं सांभाळा. वर्गात कुणी काही बोललं तर... तुम्ही तर गोष्टी सांगण्यात पटाईत. पोरगी घरी येऊन नुसती हत्तीचंच सांगते."

माणूस उन्हात काम करून काळा ठिक्कर पडलेला, हात एवढाले. आणि त्या हातात तो फॉर्म असा धरलेला की जणू ओला आहे. मी काय म्हणणार? मी म्हणाले, "बिनधास्त राहा. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

आईने बॅगेतून पेन काढून नवऱ्याला दिलं.

आणि दुसऱ्याच दिवशी दोरीवर ते कार्ड आलं. मी ते मागे ठेवू शकले असते. पण सोमवारच्या लेसन प्लॅनमध्ये होतं, म्हणजे तासाचा जो आराखडा आम्ही आधी लिहून देतो त्यात, आणि सूझन मॅडम त्या आठवड्यात माझ्यावर नजर ठेवून होत्या. मला वाटलं, एवढंसं कार्ड, त्याने काय होतंय.

कॉन्ट्रॅक्ट खलास, सीपीआर खलास. मग ईरा उभी राहिली.

"मॅम, पण ते सुट्टीला गेले होते ना? मग परत आले?"

मी बोलणार, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "आमच्या घरी पण बॅगा काढल्यात. चार. बाबा रोज वजन करतात. आम्ही व्हेकेशनला चाललोय."

"अरे वा," मी म्हणाले.

"पण मम्माने देव पण पॅक केले."

तिची जागा खिडकीजवळ होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, दोरीकडे बघत होती.

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. इथली आपली माणसं दोन महिन्यांच्या सुट्टीवर गावी जातात तेव्हा देव नेत नाहीत. घराची किल्ली शेजारच्या मराठी नाही तर गुजराती बाईकडे द्यायची, ती रोज दिवा लावते. कुंडीतलं झाड, देव आणि गाडीची बॅटरी, तिघांची सोय शेजारी करतात. देव बॅगेत गेले की त्याचा अर्थ एकच असतो. घराची किल्ली मालकाला, कायमची. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका कुणाचा सोफा गेला की 'बदलत असतील' म्हणतात. देव गेले की एकदम डबा घेऊन भेटायला जातात.

सात वर्षांच्या पोरीने हे स्वतःच ताडलं होतं. बॅगांवरून नाही, वजनकाट्यावरून नाही, देवांवरून. काही दिवस ती ते डोक्यात घेऊन फिरत असणार आणि विचारायला माणूस शोधत असणार. तिने मला शोधलं.

"मॅम, राष्ट्रपतींनी पण देव नेले होते?"

तिच्या शेजारी नोरा बसली होती, तिची मैत्रीण. दोघींच्या बाटल्या सारख्या, बुटांच्या लेस सारख्या, पाढे चुकायचेही एकाच ठिकाणी. नोरा तिच्या तोंडाकडे बघत होती.

मी खरं सांगू शकले असते. 'ईरा, हे तू आज घरी मम्माला विचार, आणि मी पण तिला फोन करते,' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. एवढी सोपी वाट होती. पण माझ्या डोळ्यांपुढे तिच्या बाबांचा हात होता, आणि माझी जीभ तर काय, उतारावरची सायकल.

"नेले तर!" मी म्हणाले. "देवांना पण सुट्टी नको का? राष्ट्रपती म्हणाले, वर्षभर तुम्ही देव्हाऱ्यात बसून कंटाळलात, चला. देवांना खिडकीची जागा दिली. गावी आंबे खाल्ले, नदीत डुंबले, आणि सुट्टी संपल्यावर सगळे परत आले. राष्ट्रपती पण, देव पण."

"खरंच?"

"म्हणजे काय! हे बघ."

मी एक कोरं कार्ड घेतलं. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आणि ते परत आले.' दोरीच्या अगदी टोकाला जागा नव्हती, तर दोरीची गाठ सोडून ती वीतभर लांब केली आणि कार्ड लावलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ईरा खाली बसली. एवढा निर्धास्त चेहरा मी शिकवायला लागल्यापासून पाहिला नव्हता. मला वाटलं, आपण काय मोठं काम केलं.

दुसऱ्या दिवशी सूझन मॅडमनी कार्ड वाचलं. दोनदा वाचलं.

"टीचर, हे परत कधी आले?"

मी सगळं सांगितलं. बाबा, टीसी, देव.

"या महिन्यात मी नऊ टीसींवर सह्या केल्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही नऊही राष्ट्रपतींना परत आणणार?"

"मॅडम, गुरुवारपर्यंत राहू द्या. मग काढते."

"कार्ड तुम्ही काढाल, पण..." त्या म्हणाल्या आणि पुढच्या वर्गाकडे गेल्या. वाक्य अर्धवट सोडण्याची त्यांना सवय नव्हती. म्हणून ते मला जास्त बोचलं.

गुरुवार आला. ईराने कुणाचाच निरोप घेतला नाही. घ्यायचं कारणच नव्हतं. डेस्कमध्ये वह्या तशाच ठेवल्या, कम्पासपेटी ठेवली. नोराशी कशावरून तरी भांडली, बहुतेक खेळाच्या तासाला कोण आधी धावणार यावरून. बस लागली तेव्हा दोघी वेगवेगळ्या रांगेत उभ्या होत्या, एकमेकींकडे पाठ करून. मी तिथेच होते. मला माहीत होतं की हे शेवटचं आहे. त्या मैदानावर हे माहीत असलेली मी एकटी होते. मी एवढा मोठा आवाज घेऊन उभी होते आणि म्हणाले काय, तर "यल्ला, यल्ला, चला, रांग सोडू नका."

ईराने बसच्या खिडकीतून हात केला. "बाय मॅम! आफ्टर व्हेकेशन!"

"हो, हो," मी म्हणाले.

रविवारी मी कार्ड काढलं आणि दोरीची गाठ पुन्हा जिथल्या तिथे बांधली. कुणी विचारलं नाही. नोराने चार दिवस शेजारची जागा रिकामी ठेवली, कुणाला बसू दिलं नाही. पाचव्या दिवशी तिने मला विचारलं, "मॅम, व्हेकेशन किती दिवसांची आहे?" मी म्हणाले, मोठी आहे. बघा, तेव्हासुद्धा थाप.

तीनएक आठवड्यांनी दुपारी ईराच्या आईचा फोन आला, चिपळूणहून. तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मॅडम, तुम्हाला त्रास देते. पण दुसरा इलाज राहिला नाही. ईरा इथल्या शाळेत जात नाही."

"नवीन आहे, रुळेल."

"तसं नाही हो. आम्ही तिला सगळं सांगितलं. आल्यावर तिसऱ्याच दिवशी, आजीसमोर. तर ती रडलीसुद्धा नाही. म्हणाली, बाबा खोटं बोलतात. मॅमनी सांगितलंय, परत येतात. मॅमनी कार्ड लावलंय."

मी तपासायच्या वह्या बाजूला सरकवल्या.

"रोज सकाळी बहरीनचा युनिफॉर्म घालून बसते. इथल्या बाईंनी तिला वर्गात उभं करून विचारलं, बहरीनला काय शिकलीस? तर तिने राष्ट्रपती सांगितले. देवांना घेऊन सुट्टीला गेले आणि परत आले. सगळा वर्ग हसला. बाई पण हसल्या. तेव्हापासून पाय टाकत नाही. बाबांशी बोलत नाही. ते बिचारे पडवीत बसून असतात. मॅडम, आमच्यावर आता तिचा विश्वास नाही. तुमच्यावर आहे. तुम्हीच सांगा."

म्हणजे तिच्या बापाने एकदा खोटं सांगितलं होतं आणि मग खरं सांगितलं होतं. मी खोटं सांगून त्यावर चिमटा लावला होता. पोरीने चिमट्यावर विश्वास ठेवला.

व्हिडिओ कॉल लावला. ईरा समोर आली. खरंच युनिफॉर्ममध्ये होती. टायसकट.

"हाय मॅम! माझी जागा आहे ना?"

"ईरा, मला तुला एक सांगायचंय. ते राष्ट्रपती परत आले नव्हते."

तिने टायची गाठ धरली.

"ते घरी गेले आणि घरीच राहिले. शेवटचं कार्ड मी खोटं लावलं होतं."

"हत्ती?"

"हत्ती पण खोटा."

"पण तुम्ही लिहिलं होतं," ती म्हणाली. इंग्रजीतच म्हणाली. हळू. "यू रोट इट, मॅम."

"हो. चुकलं माझं."

'तुझ्या बाबांनीच मला सांभाळून घ्यायला सांगितलं होतं' हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. आयुष्यात इतकी वाक्यं नको तिथे सोडली, हे एक तेवढं गिळलं. त्या माणसाला आता त्या पोरीजवळ राहायचं होतं. मला नव्हतं.

"नोराला माहीत होतं?" तिने विचारलं.

"नाही. कुणालाच नाही."

"मी तिच्याशी बोलले पण नाही लास्ट डेला. वी वेअर फायटिंग."

"मी आत्ता नोराच्या घरी फोन लावून देऊ? तू बोलशील?"

तिने मान हलवली. नको. मग तिने गळ्यातला टाय काढला, हातात गुंडाळला आणि कॅमेऱ्यासमोरून उठून गेली. स्क्रीनवर नुसती भिंत राहिली. थोड्या वेळाने आतून पोरीचं रडणं ऐकू आलं. ती विमानतळावर रडणार होती ते. कुणीतरी पुरुष 'ये, ये इकडे' म्हणाला. ते बाबा असावेत. आईने येऊन फोन उचलला, "ठेवते मॅडम" म्हणाली, आणि कॉल बंद केला.

पुढे आईचा एक मेसेज आला, ईरा शाळेत जायला लागली म्हणून. त्यात माझ्यासाठी काही निरोप नव्हता. मीही विचारलं नाही. बाबा अजून काम शोधत आहेत, सौदीला जायचं बघत आहेत, एवढं कळलं. या वेळी एकटेच जाणार आहेत.

नोराला मी खरं सांगितलं, सगळ्या वर्गाला सांगितलं. त्या दिवशी नोरा मला म्हणाली, "तुम्हाला बस यायच्या आधी माहीत होतं?" मी हो म्हणाले. वर्ष संपेपर्यंत तिने माझ्या प्रत्येक गोष्टीनंतर हात वर केला, "मॅम, हे खरं आहे?" मी थापा मारायची थांबले नाही, ते माझ्या हातात नाही. पण तिने विचारलं की खरं उत्तर द्यायचे.

सूझन मॅडमनी पुढे मला एक काम दिलं. वर्षाच्या मध्ये टीसी मागायला आलेल्या पालकांना प्राथमिकपुरतं आता आधी माझ्याकडे पाठवतात. मी फॉर्म देण्याआधी एकच विचारते, मुलाला सांगितलंत का? बहुतेक जण म्हणतात, सुट्टीला चाललोय असं सांगितलंय. मी म्हणते, बसा. मग त्यांना विचारते, देव बॅगेत गेले का?